फ्यूज, रिले आणि एक साधं बटण

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं लिखित रूप)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं होतं, "तू अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर बोल." मी म्हटलं, एआयवर सध्या सगळेच बोलतात. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी 'शुभ प्रभात'च्या खालोखाल तेच येतं. मी एका बटणावर बोलते. गाडीत बसवलेल्या एका साध्या बटणावर. तिकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "वीस मिनिटं मिळतील." तेव्हा ती वीस मिनिटं मी घेते.

ज्यांची तीस वर्षांत भेट नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. २००१ साली इलेक्ट्रॉनिक्समध्ये इंजिनिअरिंग केलं, पण नोकरी लागली सॉफ्टवेअरमध्ये, कारण त्या वर्षी जी लागली ती घेतली. सध्या कॅलिफोर्नियात असते. नवरा, एक मुलगी. आणि चाळिसाव्या वर्षी मी एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली. २००८ सालची शेवरले कॉर्व्हेट. आता मागच्या रांगेत जे हसताहेत ते शाळेतही मागच्याच रांगेत बसायचे. हसा. माझी आईसुद्धा हसली होती. म्हणाली, "दोनच सीट? मग भाजी कुठं ठेवणार?"

ही गाडी घेतली तेव्हा तिचा आवाज फार मोठा होता. सतत, सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत. मला वाटलं, मोठं इंजिन आहे, असेल. पण महामार्गावर एका ठराविक वेगाला कानात असा घुमायचा की अर्ध्या तासात डोकं दुखायला लागायचं. हा आवाज आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आपल्या शाळेच्या मागच्या कुंपणाला लागून वीज मंडळाची डीपी होती, आठवते? तिचं ते गुं गुं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्रान्सफॉर्मर दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झवर गुंजतो. आता माझ्या गाडीचं गणित बघा. आठ सिलिंडर, चार स्ट्रोकचं इंजिन. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे एका फेरीत चार स्फोट. ताशी ६५ मैल वेगाला, वरच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या मिनिटाला साधारण १५०० फेऱ्या. सेकंदाला २५. चोक शंभर. थोडक्यात, मी आपल्या शाळेमागची डीपी डिकीत घालून फिरत होते.

मग मी गाडीच्या खाली बघितलं. सर, तुम्ही म्हणायचात ना, आधी आकृती काढा, मग बोला. तर आकृती शब्दांत काढते.

इंजिनातून निघालेला धूर आधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून जातो, तिथे त्यातले विषारी वायू बरेच कमी होतात. मग तो मागे सायलेन्सरकडे येतो. या गाडीच्या सायलेन्सरमध्ये दोन वाटा आहेत. एक वळणावळणाची, कप्प्याकप्प्यांची, तिच्यात आवाज जिरतो. दुसरी जवळजवळ सरळ. त्या सरळ वाटेवर एक झाकण आहे, धुराड्याला असतं तसं आडव्या दांड्यावर फिरणारं. झाकण बंद असेल तर धुराला लांबच्या वाटेनं जावं लागतं आणि गाडी सभ्य वाटते. इंजिनावर जोर आला, पाय खाली दाबला, की झाकण उघडतं, धुराला मोकळी वाट मिळते आणि गाडी गर्जते. याच्यानं ताकद किती वाढते? कंपनीच्या आकड्यांनुसार या झाकणाशिवायची गाडी ४३० अश्वशक्तीची आणि झाकणवाली ४३६ ची. सहा घोड्यांचा फरक. बाकी सगळा कानांचा व्यवहार.

हे झाकण कोण फिरवतं? त्याच्या शेजारी एक छोटा डबा असतो, आत रबरी पडदा आणि स्प्रिंग. डब्यातली हवा इंजिनाच्या निर्वातानं ओढून घेतली की पडदा ओढला जातो आणि झाकण बंद होतं. इंजेक्शनची सिरिंज तोंडाशी बोट धरून ओढली की दट्ट्या मागे खेचला जातो, तसंच. ओढ गेली की स्प्रिंग झाकण परत उघडते. ही ओढ द्यायची की नाही, हे ठरवते एक विजेवर चालणारी झडप, सोलेनॉइड. आणि त्या सोलेनॉइडला हुकूम देतो गाडीतला संगणक.

आता यातली गोम लक्षात घ्या. वीज आहे, तर झाकण बंद होऊ शकतं. वीज नाही, तर झाकण उघडं. नळी फाटली, वायर तुटली, संगणक बिघडला, काहीही झालं तरी झाकण उघडंच राहणार. हे अपघातानं झालेलं नाही. कुणीतरी बसून ठरवलेलं आहे की बिघाड झालाच तर आवाज झाला तरी चालेल, पण धुराचा मार्ग अडायला नको. मी वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नवीन मुलांना एकच गोष्ट सांगत आले आहे: तुमचा प्रोग्राम चालतो कसा हे नंतर सांगा, आधी सांगा की तो मोडला तर कुठल्या बाजूला पडतो. ते मला या गाडीच्या पोटात लोखंडात केलेलं सापडलं.

मग माझी गाडी सतत का ओरडत होती? बॉनेटखालची फ्यूजची पेटी उघडली, झाकणावरच्या नकाशाशी ताडून पाहिलं, तर एक जागा रिकामी. आधीच्या मालकानं या सोलेनॉइडचा फ्यूज काढून टाकला होता. ही गाडी बाळगणाऱ्यांत ही युक्ती प्रसिद्ध आहे. फ्यूज काढा, झाकण कायमचं उघडं, फुकटात गर्जना. वर्षानुवर्षं गाडी तशी चालली आणि विकताना कुणी काही सांगितलं नाही.

मी नवा फ्यूज लावला. गाडी गप्प झाली. गोष्ट इथंच संपायला हवी होती. पण खरं सांगते, चाळिसाव्या वर्षी स्पोर्ट्स कार घेणाऱ्या बाईला ती अगदीच गप्प नको असते. कधीमधी रविवारी सकाळी, डोंगरातल्या मोकळ्या रस्त्यावर, मलाही तो आवाज हवा होता. आणि आमच्या गल्लीत तो अजिबात नको होता. आमच्या समोरच्या घरात एक नर्स राहते, कायम रात्रपाळी. मी कामाला निघायचे तेव्हा ती नुकती झोपलेली असायची. तिनं कधी तक्रार केली नाही. फक्त एकदा, गाडी गप्प झाल्यावर, रस्त्यात भेटली आणि म्हणाली की हल्ली बरी झोप लागते. तेव्हा मला कळलं की आधी लागत नव्हती.

हा प्रश्न मोठ्या कंपन्यांनाही पडलेला आहे. फोर्डच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं मिशिगनमध्ये सकाळी घरातून चाचणीची दणदणीत मस्टँग बाहेर काढली आणि शेजाऱ्यानं पोलिसांना बोलावलं. त्यातून २०१८ च्या मस्टँगमध्ये एक सोय आली, गाडी शांतपणे सुरू करायची. वेळ लावून ठेवता येते, अमुक ते अमुक वाजेपर्यंत आवाज नको. तिचं टोपणनावच 'चांगला शेजारी'. कंपनीनं दिलेले आकडे असे, की सुरू होतानाचा आवाज सुमारे ८२ डेसिबलवरून ७२ वर येतो. दहा डेसिबल ऐकायला किरकोळ वाटतात, पण त्याचा अर्थ ध्वनीची शक्ती दहावा हिस्सा होते आणि कानाला आवाज जवळपास निम्मा वाटतो.

माझ्या जुन्या गाडीत अशी सोय नव्हती. मला दोन स्थितींचं बटण हवं होतं. एक, संगणक म्हणेल तसं. दोन, उघडं. 'कायम बंद' अशी तिसरी स्थिती मुद्दामच ठेवली नाही. पूर्ण जोरात धावणाऱ्या इंजिनाचा धूर आपल्या लहरीखातर कोंडायचा नसतो.

हे काम मी केलं २०२३ च्या वसंतात, आणि त्या वेळी माझ्याकडे वेळच वेळ होता. त्या वर्षी आमच्या क्षेत्रात काय झालं ते तुम्ही पेपरात वाचलंच आहे. माझाही नंबर त्यात लागला. सकाळी उठले तर कंपनीचा लॅपटॉप उघडेना. नंतर ईमेल आली. अकरा वर्षं जो कोड लिहिला, त्यातली एक ओळही मला आता पाहता येत नव्हती. दुपारी मी मुलीला शाळेतून आणायला गेले तेव्हा तिनं विचारलं, "आई, मग तू इतकी वर्षं नेमकं काय बनवलंस?" तिच्या विचारण्यात टोचणी नव्हती, पण मला दाखवण्यासारखं काही सापडेना. वस्तू म्हणून हातात धरावं असं काहीच नव्हतं.

नवरा आणि मी बसून खर्चाची यादी केली. गाडी त्या यादीत सगळ्यात वर होती. विकायची ठरलं, पण लगेच नाही. आणि त्या मधल्या आठवड्यांत मी मुलीला म्हटलं, चल, हे बटण तरी पुरं करू.

सर, आता तुमचा भाग येतो. दहावीला तुम्ही विद्युतघंटा शिकवली होती. तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह गेला की लोखंड चुंबक होतं, पट्टी ओढली जाते, प्रवाह तुटतो, पट्टी परत येते. ते टोल्याचं टिणटिण काढून टाका आणि ओढली गेलेली पट्टी तशीच धरून ठेवा, की झाला रिले. काडेपेटीहून लहान डबी. गाड्यांच्या रिलेच्या पायांवर जगभर तेच आकडे असतात: ८५ आणि ८६ वेटोळ्याचे, ३० हा सामाईक, ८७ प्रवाह दिल्यावर जोडला जाणारा आणि ८७ए प्रवाह नसताना जोडलेला.

आता इथे निवड होती. सोलेनॉइडची वायर सरळ आत, बसायच्या जागेपर्यंत आणून तिथेच बटण लावता आलं असतं. काम सोपं, पण मूळ सर्किटची वायर सगळ्या गाडीभर फिरवायची आणि ती कुठे घासली की कंपनीचं सर्किटच बाद. त्याऐवजी रिले सोलेनॉइडजवळ ठेवला आणि आतल्या बटणापर्यंत फक्त त्याच्या वेटोळ्याची बारीक वायर आणली. सोलेनॉइडची वीज ३० मधून ८७ए वर नेली. म्हणजे बटण बंद असताना रिले नसल्यासारखाच आणि गाडी कंपनीनं बनवली तशी. बटण दाबलं की रिले ओढला जातो, ८७ए सुटतो, सोलेनॉइडची वीज तुटते, स्प्रिंग झाकण उघडते. माझं बटण मोडलं, वायर तुटली, रिलेचं वेटोळं जळालं, तर काय? गाडी गप्प राहील. नर्सबाई झोपतील.

मुलीला मी वेटोळ्याचा प्रतिरोध मोजायला लावला. मल्टिमीटरवर ८५ ओहम. तिला म्हटलं, १२ व्होल्ट भागिले ८५ किती? तिनं मोबाईल काढला. मी म्हटलं, कागदावर. ०.१४ अँपिअर. मग या वायरला फ्यूज केवढा हवा? ती म्हणाली, पाव अँपिअर. म्हटलं, बरोबर विचार केलास, पण फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, रिलेसाठी नाही. वायर जळण्याच्या बऱ्याच आधी तुटेल आणि उगाच तुटणार नाही असा, दोन अँपिअरचा, आणि तो जिथून वीज घेतली तिथेच, अगदी सुरुवातीला. मधेच लावला तर त्याच्या अलीकडची वायर उघड्यावरच राहते.

वेटोळ्याच्या दोन्ही टोकांत एक डायोड घातला, पट्ट्याची बाजू धन टोकाकडे. बटण सोडलं की वेटोळ्यातलं चुंबकत्व कोसळतं आणि उलटा झटका देतं, बारा व्होल्टच्या सर्किटात शंभराच्या वरसुद्धा जाणारा. डायोड तो झटका वेटोळ्यातच फिरवून जिरवतो. ही वस्तू आपल्या बाजारपेठेत पाच-दहा रुपयांना मिळते.

बाकी काम म्हणजे गवंडीकामासारखं, बुद्धीपेक्षा सबुरीचं. आधी बॅटरीची ऋण तार काढली. कंपनीची एकही वायर कापली नाही. मूळ जोडणीच्या मध्ये बसणारी वेगळी जोडणी केली, उद्या काढली तर गाडी जशीच्या तशी. वायर पिरगळून वर चिकटपट्टी, हे केलं नाही. गाडी हादरते, पट्टीचा गोंद उन्हाळ्यात वितळतो. दाबून बसवायचे जोड आणि त्यावर उष्णतेनं आवळणारी नळी. पत्र्यातून वायर आत घेताना रबरी बूच. गरम पाइपांपासून वीतभर लांब. सगळं मिळून चाळीस डॉलरच्या आत.

चाचणी मोकळ्या अंगणात केली. हे मुद्दाम सांगते, कारण तिकडे बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवून कार्बन मोनॉक्साइडनं माणसं दगावतात. मी बटणाशी बसले, मुलगी मागे टॉर्च घेऊन झाकणाचा दांडा हलतो का पाहत होती. मी बटण दाबलं. गाडीचा सूर खाली उतरला, छातीत जाणवेल असा. तिकडून ओरडणं ऐकू आलं, "हललं! आई, हललं!" पंधरा वर्षांची मुलगी, जी मला एरवी एका शब्दात उत्तरं देते.

एक खबरदारी. हे ऐकून उद्या कुणी आपल्या गाडीला हात घालू नका. नव्या गाड्यांत या झाकणाला निर्वाताऐवजी छोटी मोटर असते, ती संगणकाशी बोलते, सर्किट तुटलं की लगेच डॅशबोर्डवर दिवा लागतो. तिथे हा उपाय लागू नाही. आणि कायदाही बघावा लागतो. कॅलिफोर्नियात अशा गाडीच्या आवाजाची मर्यादा ९५ डेसिबल आहे. आपल्याकडे फटाका सायलेन्सर आणि इंदोरी सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली चिरडतात, तो फोटो दर वर्षी पेपरात येतो. शाळा आणि रुग्णालयाभोवतीचं १०० मीटरचं क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतं, तिथे दिवसा मर्यादा ५० डेसिबल. आपल्या शाळेच्या फाटकासमोरून काल ज्या बुलेट गेल्या, त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. माझ्या बटणाचा खरा उपयोग आवाज काढायला झाला नाही, तो कुठे काढायचा नाही हे ठरवायला झाला.

पाच महिन्यांनी मला नोकरी लागली. आधीपेक्षा एक पायरी खाली, पगारही कमी. गाडी २०२४ मध्ये विकली. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? पण जाताना तिच्या हातमोज्यांच्या कप्प्यात एक कागद ठेवला. त्यावर सगळी आकृती, वायरींचे रंग, फ्यूजची जागा, आणि 'हे काढायचं असेल तर असं काढा' असं लिहिलेलं. अक्षर मुलीचं. घेणाऱ्यानं तो कागद उलगडून पाहिला आणि विचारलं, हे काम कुठल्या गॅरेजमधून करून घेतलं? मी मुलीकडे बोट दाखवलं. मला रिकामा फ्यूज मिळाला होता, त्याला कागद मिळाला. कोडच्या अकरा वर्षांबद्दल तिनं विचारलेल्या प्रश्नाला माझ्याकडे अजूनही नीट उत्तर नाही. पण त्या बटणाबद्दल तिनं तो प्रश्न कधी विचारला नाही.

आता जे सांगायला खरं तर उभी राहिले ते. आठवीत आपल्या कार्यानुभवाच्या तासाला मुलगे वायरिंगच्या खोलीत जायचे आणि आम्ही मुली शिवणाच्या वर्गात. याचा कुणाला दोष देत नाही, तेव्हा सगळीकडे तसंच होतं. बाईंनी शिकवलेलं काजं-बटण मला आजही येतं, आणि वायरला नळी चढवताना, हात न थरथरता बारीक काम करायची सवय तिथलीच आहे हे मी मुलीला सांगितलं. पण वायरिंगच्या खोलीच्या खिडकीतून आम्ही दोघी-तिघी आत बघायचो, हेही मला आठवतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी कार्यशाळेत सोल्डरिंग आयर्न, म्हणजे ती इस्त्रीसारखी तापणारी काडी, कशी धरायची हे मला माहीत नव्हतं आणि वर्गातल्या मुलांना माहीत होतं. तो फरक बुद्धीचा नव्हता. एका दरवाज्याचा होता.

आपण माजी विद्यार्थी शाळेला बाकं देतो, पाण्याचा कूलर देतो, फलकावर नावं घालतो. चांगलंच आहे. या वर्षी माझी सूचना अशी आहे की आपल्या तुकडीनं प्रयोगशाळेत एक कामाचं टेबल द्यावं. दहा मल्टिमीटर, दहा सोल्डरिंग आयर्न, रिले, डायोड, वायर, बॅटऱ्या, फ्यूजच्या डब्या. सुरक्षेचे चष्मे. आणि एक अट, की त्या टेबलाशी मुली आणि मुलगे एकाच तासाला बसतील, आणि मुलगे शिवणही शिकतील. काजं-बटण त्यांनाही यायला हवं. मुख्याध्यापिका बाईंशी सकाळी बोलले, त्या तयार आहेत. पहिली पन्नास रिलेंची पेटी मी येताना बॅगेतून आणली आहे. विमानतळावर ती उघडून बघितली गेली आणि हे काय म्हणून विचारलं, तेव्हा मी म्हटलं, शाळेची घंटा.

उद्या सकाळी दहा ते बारा नववीच्या वर्गासोबत पहिला तास ठेवला आहे. ज्यांची गाडी उशिरा आहे त्यांनी थांबावं. मागच्या रांगेतल्यांनी पुढे बसावं लागेल.